होयबा, पंडित आणि गवंडी

लग्नकार्यात गाठ पडली की नातेवाईक हमखास विचारतात, "मग सध्या काय करतेस?" मी सांगते, "खेळ बनवते." त्यावर मावशा समजतात बाहुल्या, काका समजतात जुगार, आणि दोन्ही पक्ष विषय बदलून जिलबीकडे वळतात. म्हणून यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटल्याबरोबर मी हो म्हणून टाकलं. एकदाचं छापून आलं म्हणजे पुढच्या लग्नात सरळ अंकच हातात ठेवता येईल.

तर इंदूरजवळच्या देवासात आमचं एक छोटं दुकान आहे. कंपनी म्हणायला संकोच वाटतो आणि कारखाना म्हणावा तर यंत्रं नाहीत, म्हणून दुकान. चार माणसं चार गावांत बसून आपापल्या मोबाइलवर एकत्र खेळतील असे खेळ आम्ही तिथे बनवतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ विनू. आमचं घराणं शिंप्यांचं, मराठी दरबाराबरोबर इकडे आलेलं. वडील अंगरख्यांपासून सफारीपर्यंत सगळं शिवायचे, आणि उरलेल्या चिंध्यांतून सोंगट्यांचे पट. तेव्हा खेळाचा धंदा आमच्याकडे पिढीजात आहे असं मी ठोकून देते.

कामाची वाटणी सरळ होती. विनू संगणकाच्या भाषेत खेळ लिहायचा. मी ग्राहकाशी बोलायची, नियम ठरवायची, आणि खेळ तयार झाला की तो खेळून बघायची. "इथे कंटाळा आला", "इथे म्हातारी माणसं अडकतील", "हे बटण अंगठ्याखाली येत नाही", असं सांगत राहायचं, विनूनं कपाळावर आठ्या घालायच्या आणि दुरुस्त करायचं. भांडण झालं की त्याचा एक ठरलेला टोमणा असे: "ताई, एक ओळ लिहून दाखव, मग बोल." मला एक ओळही लिहिता येत नाही. पण वीस वर्षं बोलणं काही थांबवलं नाही.

मग एआयची साधनं आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी विनूला जे आठवडाभर बसून लिहावं लागे, ते आता या साधनाला साध्या बोलीत सांगायचं: असा पट हवा, इतके गडी, असा नियम. ते खेळ लिहून पुढे ठेवतं. शिंप्याला "गळा जरा खोल, बाही पाऊण" सांगावं तसं. फक्त हा शिंपी माप घेत नाही, आणि त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं.

अशी साधनं एक नाही, दर महिन्याला नवीन. प्रत्येकाची जाहिरात सांगते की बाकीची विसरा. एके दिवशी विनू सकाळी आला तो उभ्यानंच बोलला. "ताई, पुण्याहून बुलावा आलाय. बडी कंपनी आहे. आपल्यासारखी दुकानं अब ज्यादा दिन नाही चालत. एक साधन पक्कं करू, मंडळाचा खेळ भाऊबीजेपर्यंत उभा करू. चालला तर मी इथेच. नाही चालला, तर शटर."

मंडळ म्हणजे देवासची मराठी मंडळी. पोरंबाळं पुण्या-बंगळुरूला, सासुरवाशिणी धार, रतलाम, उज्जैनला. भाऊबीजेला ओवाळून झालं की भावाबहिणीनं कवड्यांचा अष्टाचंग खेळायचा हा जुना शिरस्ता, आणि आता भाऊ एकीकडे, बहीण दुसरीकडे. म्हणून मंडळाचे अध्यक्ष नाना, जे शाळेतून निवृत्त झाले तरी अजून सगळ्यांना पट्टी दाखवतात, त्यांनी आम्हाला हा खेळ ऑनलाइन करायला सांगितला होता.

मी विनूला म्हटलं, "खेळ चालेल. आणि शटरही रोज उघडेल." तेव्हा माझ्याकडे या बोलण्याला आधार काहीच नव्हता. पण आमच्याकडे आधार नसला की आवाज चढतो.

विनूनं तीन साधनं पसंत करून आणली. त्यांची खरी नावं कंपन्यांची आहेत, ती मी लिहिणार नाही. शिवाय मी त्यांना पहिल्याच आठवड्यात माझी नावं ठेवली होती. पहिला होयबा. काहीही सांगा, "वा, काय कल्पना आहे!" म्हणायचा आणि चहाला उकळी फुटायच्या आत खेळ हजर. रंग झगमगीत, सोंगट्या नाचताहेत, वरून फुलं पडताहेत. दुसरा पंडित. काम करायच्या आधी प्रवचन, मग काम, मग केलेल्या कामावर प्रवचन. तिसरा गवंडी. एक वीट लावायची, ओळंबा धरायचा, मागे वळून विचारायचं, "पुढची कुठे?" विनूला होयबा आवडला. मला कुणीच आवडला नव्हता, पण गवंडीचा राग कमी यायचा.

निवड करायची तर हातातलीच कामं तिघांना देऊन बघू, असं ठरलं.

पहिलं काम बदनावरच्या एका शेठचं. सोयाबीनचे मोठे व्यापारी. दिवाळीला आपल्या शेतकरी ग्राहकांना मोबाइलवर एक छोटा खेळ पाठवायचा होता त्यांना, पण अट अशी की खेळणारा हरता कामा नये. हरलेला माणूस पुढच्या हंगामात माल दुसऱ्याच्या काट्यावर नेतो, असं त्यांचं म्हणणं. होयबानं असा खेळ केला की उघडला की तुम्ही जिंकलात. पुढे काहीच नाही. पंडितानं हारजितीचं माणसाच्या मनात काय स्थान आहे ते दोन पानं समजावलं. गवंडीनं विचारलं, हरणंच नको आहे, की हरल्यावर वाईट वाटणं नको आहे?

मी तोच प्रश्न शेठना फोनवर विचारला. ते म्हणाले, "बेन, हारे तो भले, पण मूंडो नी उतरनो चइये." तोंड उतरता कामा नये. वीस वर्षांत ग्राहकानं इतकी स्वच्छ मागणी माझ्याकडे कधी केली नव्हती, आणि ती बाहेर काढणारा प्रश्न मला सुचला नव्हता हे मला झोंबलंच.

दुसरं काम मांडूच्या एका गाइडचं. पर्यटकांनी येण्याआधी घरी बसून गडावर फिरावं, असा खेळ त्याला हवा होता. पण सगळं दाखवायचं नाही. "दीदी, पूरा दिखा दोगे तो मेरे को कौन पूछेगा?" रास्तच होतं. तिघांनाही आम्ही ठिकाणांची नावं दिली. जहाजमहाल आहे गडावरच्या दोन तळ्यांच्या मधे, पण पंडितानं नाव ऐकल्याबरोबर मागे अथांग समुद्र आणला, महालाला शिडं लावली आणि नौकानयनाचा इतिहास जोडला. गाइडनं ते चित्र बराच वेळ निरखलं. "रेने दो भिया," विनूला म्हणाला, "पर कोई टूरिस्ट पूछेगा ना, समुंदर किधर गया, तो उसको आपका नंबर दे दूँगा." पंडित त्या दिवशी बाद झाला. मांडूपासून समुद्र किती लांब आहे हे ज्याला ठाऊक नाही आणि विचारायचीही गरज वाटत नाही, त्याच्याशी संसार होत नाही.

राहिले दोघे. इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर उभं असतं. घरात पटावर बसलो की कवड्या सगळ्यांसमोर पडतात. कुणी बोटानं एक कवडी उलटली तर चार जणी हात धरतात. ऑनलाइन खेळात माणसं एकमेकांना दिसत नाहीत. मग कवड्या टाकायच्या कुणी? खेळणाऱ्याच्या मोबाइलनं टाकल्या, तर ज्याचा मोबाइल त्याच्या मनासारखं दान. म्हणून त्या तिसऱ्याच ठिकाणी, दूरच्या एका संगणकावर पडल्या पाहिजेत, आणि दोघांना फक्त काय पडलं ते कळलं पाहिजे. तो संगणक म्हणजे पंच. पंच नसला तर वरची सजावट कितीही असो, तो खेळ नव्हे.

होयबानं अष्टाचंगचा पट एका दुपारी करून दिला. बघून मीसुद्धा क्षणभर विरघळले. लाकडी चौरंगावर पट, मऊ उजेड, कवड्या पडताना खरा आवाज. विनू म्हणाला, "बोल आता." मी कवड्यांचा आवाज पुन्हा एकदा ऐकला. तो तसाच समोर बसला आणि होयबानं लिहिलेलं वाचायला लागला. वाचायची त्याला सवयच आहे. दुसऱ्यानं केलेली शिवण आतून उलटून पाहावी तसा तो वाचतो. वाचता वाचता त्याच्या कपाळावर त्या ओळखीच्या आठ्या आल्या. मग आपल्या मोबाइलमध्ये त्यानं काहीतरी खटपट केली आणि माझ्यापुढे धरला. अष्टा. सगळ्यात मोठं दान. पुन्हा टाकलं, अष्टा. पुन्हा, अष्टा.

"कवड्या ह्यानं खेळणाऱ्याच्याच हातात दिल्यात," तो म्हणाला.

होयबा त्याची निवड होती. न बोलता पुढे गेला असता तर मला जन्मात कळलं नसतं. पण तो मोबाइल माझ्यापुढे धरूनच बसला. मला त्याचा त्या दिवशी फार अभिमान वाटला आणि मी तो बोलून दाखवला नाही, कारण आमच्यात तशी पद्धत नाही. मी म्हटलं, "मग गवंडी?" तो म्हणाला, "बनव तुझा ताजमहाल."

गवंडी संथच होता, आणि शंभर प्रश्न विचारायचा. गडी किती? नेटवर्क गेलं तर डाव कुणाचा? विचार करायला किती वेळ द्यायचा? नेटवर्कचं मला लगेच सांगता आलं, कारण आमची एक चुलतबहीण नालछ्याला असते आणि तिचा फोन अर्ध्या वाक्यात जातो. डाव तिचाच राहील, ती परत येईपर्यंत सगळे थांबतील. वेळेचंही सांगितलं. घड्याळ लावायचं नाही. आमच्याकडे कवड्या मुठीत धरून माणसं आधी कुणाच्या सुनेचं काय झालं ते बोलतात, मग टाकतात.

आणि भाऊबीजेचा नियम सांगितला. तो बाहेरच्यांना माहीत नसणार. अष्टाचंगात सोंगट्या आधी बाहेरच्या घरांतून फिरतात, आणि निदान एकदा कुणाची तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. सगळीकडे हेच. पण आमच्या धार-देवासच्या घरांत भाऊबीजेला भावानं बहिणीची सोंगटी मारायची नाही. बहिणीनं मात्र भावाची खुशाल मारायची. अन्याय आहे म्हणता? आहेच. वर्षातून एक दिवस तरी असू दे.

गवंडीनं ते जसंच्या तसं केलं. बाद होण्याआधी पंडितालाही हा नियम सांगून पाहिला होता. त्यानं दोन्ही बाजूंना समान वागणूक द्यावी असं सुचवलं होतं. होयबानं "वा!" म्हणून नियम घेतला आणि गुपचूप कुणीच कुणाला मारू नये असं करून टाकलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी मंडळाच्या सभागृहात चाचणी ठेवली. नानांनी शिस्तीत पट लावले: प्रत्येक पटावर एक भाऊ आणि तीन बहिणी, सगळ्यांच्या हातात आपापले मोबाइल. खेळ सुरू होताना विचारायचा, ही तुमची कोण? आमच्या लोकांत हा प्रश्न विचारायचाच नसतो. ही मावसबहीण, ती चुलत, ती आत्येबहिणीची नणंद म्हणजे बहीणच, आणि जिच्याशी काहीच लागत नाही ती राखी बांधते. एका नवऱ्याच्या पटावर चुकून त्याचीच बायको आली, तिला नानांनी उठवून दुसरीकडे बसवलं.

बायका मारत सुटल्या. त्या आत गेल्या, मधल्या घरात पोचल्या, जिंकल्या, आणि मोबाइल पालथे घालून पोह्यांकडे वळल्या. पुरुष बाहेर फिरत होते. मारायला समोर बहिणीच, आणि बहिणीला मारायचं नाही. मारल्याशिवाय आत जाता येत नाही. फेरी, अजून एक फेरी. एक काका मला म्हणाले, "पोरी, हा खेळ आहे का प्रदक्षिणा?" पोहे संपले तरी एकाही पटावरचा खेळ संपेना. शेवटी नानांनी सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावले. "भाऊबीजेला हे असं चालणार असेल," ते म्हणाले, "तर मंडळ आपली पत्त्यांची पाकिटं वाटेल."

मला हे दिसलं कसं नाही? साधं कारण आहे. मी बहीण. आमच्या घरी मी दरवर्षी जिंकायची आणि उठून जायची. मागे पटावर भावाचं काय होतं ते वळून पाहायची मला गरजच पडली नव्हती. मी विनूला विचारलं, "तू कसा जायचास रे आत?" तो म्हणाला, "जातच नव्हतो. बाबा पट गुंडाळायचे, चला जेवायला म्हणून." आणि हसला. मला ते हसणं काही आवडलं नाही.

"ताई, टाइम नाही राहिला," तो पुढे म्हणाला. "दहा फेऱ्या झाल्या की भावाला आत सोडायचं, एक ओळ टाकतो. कोणाला काय कळणार?"

"मला कळणार."

"बात को पकडून बसतेस तू."

बसलेच होते. नियम माहीत नाही म्हणून नवा ठोकायचा, तर मग होयबात आणि आपल्यात काय फरक? मी गवंडीला झालेला घोटाळा सांगितला. त्यानं एकच विचारलं: जुन्या माणसांच्या घरी भाऊ आत कसा जायचा?

ते ठाऊक असणारं एकच माणूस उरलं होतं. आमची धारची आत्या, वडिलांची थोरली बहीण. दुसऱ्या दिवशी शटर ओढून आम्ही दोघं इंदूरवरून धारची बस धरली. आत्यानं ऐकून घेतलं आणि आधी आमची हजेरी घेतली. "इतके दिवस यंत्रास विचारीत बसलात, आणि आम्हांस नाही विचारलेत? बस पोरी, पट मांड. तूही बस रे."

विनूची सोंगटी बाहेरची फेरी करून आतल्या घराच्या तोंडाशी आली तशी आत्यानं माझा हात धरला आणि बोट तिथे टेकवलं. "आता दार अडीव."

"म्हणजे?"

"लग्नात वरातीचं दार कोण अडवितें? बहीणच ना? तसेंच. इथे भाऊ उभा राहातो. बहिणीनें मागायचें. तो कबूल झाला, की सोडायचें आत. तुझा बाप इथें उभा राहून माझ्याशीं किती भांडला आहे! एकदां मी त्याच्याकडून पैठणी कबूल करून घेतली. दिली मेल्यानें, नंतर, कमवायला लागल्यावर."

"आणि काहीही मागायचं?"

"कांहीही. पण जें दिल्यानें भाऊ पटावरून उठेल, तें मागूं नये. मग खेळायचें कुणाशीं?"

वडिलांनी हे आम्हाला कधीच का शिकवलं नाही, विचारायला ते नाहीत. बहुधा माझा हट्टी स्वभाव पाहून त्यांनी पट गुंडाळणंच पसंत केलं असेल.

परत येताना बस घाटाबिलोदला थांबली तेव्हा विनूनं बसल्या बसल्याच मोबाइलवर गवंडीला सगळं सांगून टाकलं, आमच्या मराठी-हिंदीच्या खिचडीत: बहन दरवाजे पे खडी, मागणं लिहायला चौकट, भाऊ कबूल म्हणेल तर आत. बस इंदूरला शिरायच्या आत ते तयार होतं. आम्ही दोघांनी दोन मोबाइलवर खेळून पाहिलं. चाललं. मी बसमध्येच टाळी वाजवली. "बघ! शटर उघडं राहिलं!"

विनू खिडकीबाहेर पाहत होता. "हो, राहिलं," तो म्हणाला. "पण ताई, ही चीज लिहायला मला हफ्ता लागला असता. ह्यानं इंदूर यायच्या आत लिहिली, आणि मी वाचली, चूक नाही. नियम तू आणलास, लिहिलं ह्यानं. मग ह्यात मी कुठे आहे?"

मी मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

"मला वाटत होतं ही साधनं आली की तुझी खुर्ची जाईल," तो म्हणाला. "मनात होतंच ते. तुला ओळ लिहिता येत नाही ना. गेली माझी. मी पुण्याला हो सांगतोय. तिथे अजून माझ्यासारख्यांना काम आहे. अजून आहे तोवर जाऊ दे."

मला आधी राग आला. मी एवढी धडपडले ती दुकान ठेवायला, आणि दुकान म्हणजे काय चार भिंती? चांगलं साधन शोधायचा हट्ट माझा. होयबा निवडला असता तर रोज त्याच्या चुका काढायला विनूला जन्मभर काम पुरलं असतं. देवासला उतरल्यावर मी रिक्षात रडले.

पण रडून शटर उघडत नाही. दिवाळीआधी तो पुण्याला रुजू झाला. मी दुकानात एकटी बसून नानांच्या मंडळासाठी एकेक घरचा मोबाइल जोडत होते. नव्या नोकरीत भाऊबीजेची सुट्टी मिळाली नाही, हे मला त्यानं आधीच सांगितलं होतं. ओवाळायचं ताट मी मोबाइलपुढे धरलं. दिव्याची ज्योत त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती, आणि टिळा काचेला लागला. मग आम्ही खेळायला बसलो.

तोवर मंडळाचे पट सुरू झाले होते. कुणी कुणाला कुठे अडवलं ते मला दिसत नाही, तो ज्याचा त्याचा मामला. पण एका वेळी किती दारं अडलेली आहेत तेवढं दिसतं, आणि ती बरीच होती. कुठे नालछ्याचं नेटवर्क गेलं होतं आणि पलीकडे भाऊ निमूट थांबला होता. खेळ चालत होता. नानांचा निरोप आला, "उत्तम", पूर्णविरामासह.

विनूची सोंगटी आतल्या घराच्या तोंडाशी आली. माझ्यापुढे चौकट उघडली.

मी "परत ये" लिहिलं. गेले पंधरा दिवस मनात तेच होतं, तेव्हा बोटांनी तेच लिहिलं. ते पाठवलं असतं तर त्याला पुणं सोडवलं नसतं आणि मला नाही म्हणवलं नसतं. तो पटावरूनच उठला असता. मी ते पुसलं. मग मला नेमकं काय हवं आहे याचा विचार करायला लागले, आणि घड्याळ लावलेलं नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

मी लिहिलं: "इथून निघणारा प्रत्येक खेळ आधी तू आतून वाचायचास. मी केलेला, गवंडीनं केलेला, कुणीही केलेला. तू नाही म्हणालास तर तो निघणार नाही. मी कितीही भांडले तरी."

पलीकडून मग आलं: "ताई, गवंडी चुका नाही करत ज्यादा. तुझा फुकट खोळंबा होईल. ग्राहक थांबणार नाही."

"थांबेल. मी सांगीन त्याला."

"मी कामावरून थकून येतो. देर लगेगी."

"लागू दे. तोवर दार अडवून मी इथेच उभी आहे."

त्याची सोंगटी तिथेच. मी कवड्यांकडे पाहत बसले. बाहेर पोरांचे फटाके चालू होते. मग पडद्यावर एक शब्द उमटला, "कबूल", आणि मी त्याला आत सोडलं. तो जिंकला. आयुष्यात पहिल्यांदा भाऊबीजेला जिंकला, आणि त्याबद्दल मला फोन करून इतकं चिडवलं की मीच फोन ठेवला.

याला आता वर्ष होत आलं. दुकान उघडं आहे. काम गवंडी लिहितो, मी त्याच्याशी हुज्जत घालते, आणि मग ते पुण्याला जाऊन पडतं. कधी तिकडून उत्तर त्याच दिवशी येतं, कधी आठवडा जातो. दोनदा त्यानं नाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा गवंडीनं आणि मी मिळून केलेला घोळ इतका सुबक होता की मला कधीच दिसला नसता. ग्राहक वैतागतात. "मॅडम, आजकल तो एआय से दो मिनिट में हो जाता है, आपके यहाँ इतना टाइम क्यों?" मी त्यांना खुर्ची देते, चहा सांगते, आणि खरं तेच सांगते: खेळ तयार आहे, पण माझ्या भावानं अजून हो म्हटलेलं नाही.